टेलिफोटो लेन्स आणि टेलिकन्व्हर्टर: वन्यजीव छायाचित्रकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सफारीचं बुकिंग झालं की लेन्सचे प्रश्न सुरू होतात. कोणती घेऊ, भाड्याने आणली तर चालेल का, आहे त्या लेन्सला कन्व्हर्टर लावून भागेल का. सतत येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधीचे नवख्यांसाठी आहेत, पुढचे ज्यांच्याकडे सामान आहे पण अडचण येते त्यांच्यासाठी. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर त्याचा क्रमांक दिला आहे. उदाहरणं आपल्याकडच्या जंगलांची, माळांची आणि पाणथळांची आहेत, कारण लेन्स कुठली हे शेवटी जागाच ठरवते.

१. वाइल्डलाइफ सुरू करायचं आहे. किमान किती एमएमची लेन्स हवी?

मोठ्या प्राण्यांसाठी ३०० ते ४००, पक्ष्यांसाठी ५०० ते ६००. हे एमएम म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ: आकडा मोठा, तितका लांबचा प्राणी मोठा दिसतो. पण एवढ्या उत्तरावर पैसे खर्च करू नका, आधी एक सोपा हिशेब करा. प्राण्याची लांबी गुणिले फोकल लेंग्थ भागिले अंतर, म्हणजे तो प्राणी सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर) किती मोठा दिसेल ते कळतं.

वाघाचं शरीर शेपूट सोडून साधारण १.७ मीटर धरा. तो ३० मीटरवर आडवा उभा असेल आणि तुमच्याकडे ३०० एमएम असेल, तर सेन्सरवर तो १७ एमएमचा दिसतो. फुलफ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढा सेन्सर ३६ एमएम रुंद असतो, म्हणजे वाघाने जवळजवळ अर्धी फ्रेम व्यापली. चांगला फोटो होतो. आता २८ सेंमीचा खंड्या घ्या. १५ मीटरवर, ५०० एमएमने तो सेन्सरवर जेमतेम ९ एमएमचा दिसतो, पाव फ्रेम. तोच ३०० ने साडेपाच एमएम. शिंपी पक्षी तर १३ सेंमीचा. १० मीटरवर आणि ६०० एमएम लावूनही तो फ्रेमच्या पाचव्या हिश्शाहून थोडाच मोठा येतो.

तुम्ही ज्या जागी सगळ्यात जास्त जाता तिथे प्राणी किती अंतरावर दिसतात, हे आठवून हा हिशेब मांडा. ताडोबाच्या रस्त्यावर अंतर कमी असतं. भिगवणला नावाडी पक्ष्यांच्या किती जवळ नेतो यावर ते ठरतं. नान्नज किंवा रेहेकुरीच्या माळावर काळवीट तुम्हाला लांबूनच बघतं आणि लांबच राहतं.

२. क्रॉप सेन्सर बॉडीवर ४०० ची ६०० होते म्हणतात. खरं आहे का?

लेन्स ४०० चीच राहते. सेन्सर लहान असल्याने चित्राचा मधला भागच टिपला जातो, म्हणून प्राणी फ्रेममध्ये मोठा दिसतो. निकॉन, सोनी, फुजीच्या एपीएस-सी (क्रॉप सेन्सरच्या) बॉडीवर हा गुणक १.५, कॅननवर १.६, त्याहून लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्सवर २ आहे.

खरा फायदा हवा असेल तर पिक्सेल मोजा. निकॉन डी ५०० ची बॉडी २०.९ मेगापिक्सेलची. फुलफ्रेम डी ८५० चं चित्र त्याच आकारात कापलं तर १९.४ मेगापिक्सेल उरतात. म्हणजे पोहोच जवळजवळ सारखीच. उलट कॅननमध्ये ३२.५ मेगापिक्सेलची आर ७ आणि क्रॉप मोडमधली आर ५ यांची तुलना केली, तर आर ५ कडे १७ च्या आसपास मेगापिक्सेल उरतात. तिथे आर ७ पक्ष्यावर खरोखर जास्त पिक्सेल टाकते. मात्र अंधाऱ्या जंगलात लहान सेन्सरचा नॉईज (चित्रातले रवे) लवकर दिसू लागतो, हे धरून चाला.

३. झूम घेऊ की प्राइम?

पहिली लेन्स असेल तर झूम. प्राइम म्हणजे एकाच फोकल लेंग्थची लेन्स. आपल्या सफारीत गाडीतून उतरता येत नाही, गाडी कुठे थांबेल हे तुमच्या हातात नसतं आणि प्राणी कुठून निघेल हे कोणाच्याच हातात नसतं. दहा मिनिटांपूर्वी शंभर मीटरवर असलेली वाघीण जिप्सीच्या बाजूने चालत जाते तेव्हा ६०० एमएमच्या प्राइममध्ये तिचा कान आणि एक डोळा एवढंच मावतं. १००-४०० किंवा १००-५०० असेल तर तोच क्षण पूर्ण हाती लागतो.

पक्षी हेच तुमचं काम असेल आणि तुम्ही लपणात बसून, पायी फिरून किंवा होडीतून काम करत असाल, तर प्राइमचा विचार करा. निकॉनच्या ५०० एफ/५.६ पीएफ या लेन्सचं वजन १४६० ग्रॅम आहे. ती दिवसभर हातात धरता येते, आणि उडत्या पक्ष्यासाठी हातात धरता येणं ही गोष्ट पुष्कळ मोठी आहे.

४. एफ/४ आणि एफ/६.३ मध्ये एवढ्या लाखांचा फरक कशासाठी?

काचेच्या व्यासासाठी. फोकल लेंग्थला एफ क्रमांकाने भागा. ६०० एफ/६.३ म्हणजे ९५ एमएम, ६०० एफ/४ म्हणजे १५० एमएम. व्यास दीडपट झाला की आत येणारा प्रकाश अडीचपट होतो आणि काचेचं वजन व किंमत त्याहून वेगाने चढते.

हा प्रकाश कुठे लागतो? भीमाशंकरच्या दाट झाडीत शेकरू दिसतो तेव्हा, आंबोलीत ढग उतरलेले असतात तेव्हा, आणि सफारीच्या पहिल्या अर्ध्या तासात. एफ/४ ला आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० वर भागतं तिथे एफ/६.३ ला ८००० लागतो. आजच्या बॉडी आणि नॉईज काढणारी सॉफ्टवेअर यांनी ही दरी बरीच भरून काढली आहे. म्हणून माझं मत असं, की भरपूर उन्हाचा माळ आणि पाणथळ हे तुमचं क्षेत्र असेल तर एफ/४ च्या मागे लागू नका. सदाहरित जंगल हे असेल, तर दोन लेन्सऐवजी एकच पण उजेडाची घ्या.

पार्श्वभूमी हा दुसरा मुद्दा. ६०० एफ/४ ने १५ मीटरवरच्या वाघावर फोकस केला तर फोकसमध्ये साधारण १५ सेंमीची जाडी असते. डोळे आणि नाक मिळतं, मागची बांबूची गर्दी विरघळते. ही सफाई एफ/६.३ ला तितकी मिळत नाही.

५. बजेट बेताचं आहे. आज नक्की कोणती लेन्स बघू?

डीएसएलआर (आत आरसा असलेला आधीच्या पिढीचा कॅमेरा) असेल तर निकॉनची २००-५०० एफ/५.६, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी आणि टॅमरॉनची १५०-६०० जी २ या तिन्ही वापरलेल्या स्थितीत सहज मिळतात आणि तिन्ही दोन किलोच्या आसपास आहेत. कॅननवाल्यांनी १००-४०० मार्क २ बघावी. उडते पक्षी जास्त करत असाल तर जुनी ४०० एफ/५.६ सुद्धा बघा. तिच्यात स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरण्याची सोय) नाही, पण सव्वा किलोची आहे आणि फोकस चपळ आहे.

मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत) निकॉन झेड १८०-६०० आणि सोनी २००-६०० या दोन लेन्सनी हौशी माणसाचा प्रश्न बहुतेक सोडवला आहे. दोन्ही झूम करताना लांब होत नाहीत, त्यामुळे तोल बदलत नाही. कॅनन आरएफमध्ये सगळ्यात हलकी वाट १००-४०० एफ/५.६-८ ची: ६३५ ग्रॅम. उजेड भरपूर असेल तर ती छान चालते. २००-८०० एफ/६.३-९ ची पोहोच मोठी आहे, पण ८०० ला एफ/९ आहे हे विसरून पहाटेच्या सफारीत ती एकटी नेऊ नका.

वर्षातून एकदोनदाच सफारी होत असेल तर पुण्या-मुंबईत चांगल्या लेन्स भाड्याने मिळतात. सफारीच्या दोन दिवस आधी आणून घराजवळच्या कावळ्या-घारींवर हात बसवा. अनोळखी लेन्सची बटणं जिप्सीत शोधत बसणं परवडत नाही.

६. त्यापेक्षा निकॉन पी १००० घेतला तर? ३००० एमएम आहे म्हणे.

हा लेन्स न बदलता येणारा झूम कॅमेरा आहे, आणि तो आकडा फुलफ्रेमच्या तुलनेतला आहे. आतला सेन्सर फार लहान आहे आणि पूर्ण झूमला ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) एफ/८ होतं. चांगल्या उन्हात, स्थिर बसलेल्या पक्ष्याचा ओळख पटवण्यापुरता फोटो त्यातून उत्तम येतो. पक्षीनिरीक्षणाच्या नोंदी ठेवणाऱ्यांना मी तो आनंदाने सुचवतो. सकाळच्या अंधारातला बिबट्या आणि उडता शिक्रा ही त्याची कामं नाहीत.

७. टेलिकन्व्हर्टर नेमकं काय करतो?

लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारा तो काचांचा छोटा संच आहे. लेन्सने तयार केलेलं चित्र तो मोठं करून सेन्सरवर टाकतो. १.४एक्स लावला की ५०० ची ७०० होते, २एक्स लावला की १०००. पण पुढच्या काचेचा व्यास तोच राहतो, म्हणून तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. १.४एक्समध्ये एक स्टॉप जातो, म्हणजे प्रकाश निम्मा. २एक्समध्ये दोन स्टॉप, म्हणजे पाव.

चित्र मोठं होतं तसे लेन्सचे दोषही मोठे होतात. कडेची जांभळी रेघ, किंचित मऊपणा, हाताची थरथर, सगळंच. म्हणून कन्व्हर्टर हा चांगल्या लेन्सचा जोडीदार आहे. कमी पडणाऱ्या लेन्सचा उपाय म्हणून तो घेतला तर पैसे वाया जातात. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथे आहे.

८. १.४एक्स घेऊ की २एक्स?

जवळजवळ सगळ्यांना १.४एक्स. सकाळी एफ/५.६, शटर १/१००० सेकंद आणि आयएसओ ३२०० वर काम चाललं आहे असं समजा. १.४एक्स लावला की आयएसओ ६४००. २एक्स लावला की १२८००, शिवाय दुप्पट लांबीमुळे हात हलण्याचा परिणामही दुप्पट.

२एक्स शोभतो तो ३०० एफ/२.८, ४०० एफ/२.८ आणि ६०० एफ/४ या घरातल्या लेन्सना. ४०० एफ/२.८ ला २एक्स लावला की ८०० एफ/५.६ हाती येते, आणि ही जोडी खरोखर कामाची आहे. ७०-२०० एफ/२.८ ला २एक्स लावून १४०-४०० एफ/५.६ होते, प्रवासात एकच लेन्स नेता येत असेल तर ठीक, पण त्याच आकड्यांची खास १००-४०० लेन्स जास्त धारदार आणि जास्त चपळ असते.

९. माझ्या लेन्सला कन्व्हर्टर बसेल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि न विचारता खरेदी केली तर सगळ्यात महागात पडणारा. बऱ्याच कन्व्हर्टरची पुढची काच माउंटच्या (लेन्स बॉडीला जोडणाऱ्या कड्याच्या) बाहेर आलेली असते. लेन्सच्या मागच्या बाजूला तेवढी पोकळी नसेल तर तो बसतच नाही, आणि जोर लावला तर काच काचेवर आपटते. ७०-३००, ५५-२५०, १८-३०० अशा किट लेन्सना कंपन्यांचे स्वतःचे कन्व्हर्टर चालत नाहीत, असं धरूनच चला.

कॅनन आरएफ: १००-५०० ला आरएफचे दोन्ही कन्व्हर्टर बसतात, पण लेन्स ३०० च्या पुढे ओढलेली असेल तरच. १.४एक्सने ती ४२०-७०० होते आणि कन्व्हर्टर असेपर्यंत ती आत मिटत नाही, म्हणून बॅगेत तेवढी उभी जागा ठेवावी लागते. वाघ अचानक जवळ आला तर १०० वर जाता येत नाही, हा तिचा मोठा तोटा. आरएफ १००-४००, २००-८००, ६०० एफ/११ आणि ८०० एफ/११ यांना कन्व्हर्टर चालतात. २०१९ मध्ये आलेल्या, लांब होणाऱ्या आरएफ ७०-२०० एफ/२.८ ला चालत नाहीत; २०२४ च्या कॅननच्याच ‘झेड’ नावाच्या आवृत्तीला चालतात.

निकॉन झेड: ७०-२०० एफ/२.८, १००-४००, १८०-६००, ४०० एफ/४.५, ६०० एफ/६.३ आणि ८०० एफ/६.३ यांना झेडचे दोन्ही कन्व्हर्टर चालतात.

सोनी: ७०-२०० जीएम, १००-४०० जीएम, २००-६००, ४००-८०० आणि मोठ्या प्राइम यांना चालतात. एपीएस-सीची ७०-३५० चालत नाही. सिग्मा किंवा टॅमरॉनची सोनी माउंटची लेन्स असेल तर कन्व्हर्टरचा विचारच सोडा. सिग्माची १५०-६०० डीजी डीएन एल माउंटमध्ये सिग्माचा कन्व्हर्टर घेते, सोनी माउंटमध्ये घेत नाही. लेन्स तीच, पण माउंट बदलला की सोय गेली. सोनी बॉडीवर दुसऱ्या कंपनीच्या लेन्सचा सलग फोटोंचा वेगही सेकंदाला १५ वर थांबतो, हेही खरेदीआधी लक्षात घ्या.

ओएम सिस्टिम: ४०-१५० एफ/२.८, ३०० एफ/४ आणि १००-४०० या लेन्सना एमसी-१४ (१.४एक्स) आणि एमसी-२० (२एक्स) हे कन्व्हर्टर चालतात.

जुन्या लेन्स ॲडाप्टरवर वापरत असाल तर प्रश्न १९ पहा.

१०. कन्व्हर्टर लावल्यापासून फोकस नुसता मागेपुढे धावतो. बिघडलाय का?

बहुतेक वेळा बिघाड नसतो, बॉडीची मर्यादा असते. डीएसएलआरची फोकस यंत्रणा ठरावीक ॲपर्चरपर्यंतच काम करते. सुरुवातीच्या श्रेणीतल्या बॉडी एफ/५.६ ला थांबतात. निकॉन डी ७२०० मधला मधला एक बिंदू आणि डी ७५०, डी ५००, डी ८५० मधले मध्यभागाजवळचे काही बिंदू एफ/८ पर्यंत चालतात. कॅनन ७डी मार्क २ मध्ये एफ/८ ला फक्त मधला एक बिंदू.

आता मांडून बघा. निकॉन २००-५०० ला १.४एक्स लावला की ७०० एफ/८. डी ५०० वर मधल्या बिंदूंनी, चांगल्या उजेडात चालेल. सिग्मा १५०-६०० ला तोच लावला की ८४० एफ/९, आणि इथे डीएसएलआर बहुधा फोकस सोडून देते.

मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच होतो, त्यामुळे एफ/९ किंवा एफ/११ लाही यंत्रणा चालते. पण चालणं आणि चपळ चालणं वेगळं. संध्याकाळी झाडीत बसलेल्या घुबडावर ती अडखळेलच. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारं बटण असेल तर ते लांबच्या अंतरावर ठेवा. फोकस एकदा चुकला की पूर्ण फेरी मारून यायचा वेळ वाचतो.

११. कन्व्हर्टर लावण्यापेक्षा नंतर क्रॉप केलं तर काय बिघडतं?

पुष्कळदा काहीच नाही. ४५ मेगापिक्सेलच्या चित्राला १.४ पट कापलं तर २३ च्या आसपास मेगापिक्सेल उरतात. सोशल मीडियासाठी, मासिकाच्या पानासाठी, मध्यम आकाराच्या प्रिंटसाठी ते पुरे. शिवाय एक स्टॉप प्रकाश वाचला, फोकस चपळ राहिला, फ्रेम मोठी असल्याने उडता पक्षी निसटला नाही.

२० किंवा २४ मेगापिक्सेलची बॉडी असेल तर गणित बदलतं. तिथे कापल्यावर १०-१२ उरतात आणि पिसांतला बारकावा हरवतो. अशा वेळी उजेड चांगला, पक्षी स्थिर, लेन्स धारदार, हे तिन्ही जुळलं तर कन्व्हर्टर जिंकतो. तिन्हीपैकी एक जरी नसलं तर मी कापण्याच्या बाजूचा आहे.

स्वतः तपासा: एका झाडावर, बीनबॅगवर कॅमेरा ठेवून, एकदा कन्व्हर्टर लावून आणि एकदा काढून फोटो घ्या. मग दोन्ही सारख्या आकारात आणून सालीच्या रेघा बघा.

१२. कन्व्हर्टरचे फोटो सॉफ्ट येतात. कन्व्हर्टर बदलू का?

आधी पुढच्या गोष्टी एकेक करून बाजूला काढा. पहिली शटर स्पीड: ७०० एमएमला बसलेल्या पक्ष्यासाठीही सुरुवात १/१००० पासून करा, उडत्यासाठी १/२००० च्या वर. दुसरी हवा, तिच्याविषयी प्रश्न १३ मध्ये. तिसरी ॲपर्चर: झूमला कन्व्हर्टर लावल्यावर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप बंद केलं तर धार सुधारते. पण एफ/११ च्या पुढे गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) ती पुन्हा उतरते. चौथी, डीएसएलआर असेल तर फोकसची सूक्ष्म जुळणी. लेन्सची जुळणी आणि लेन्स अधिक कन्व्हर्टरची जुळणी वेगळी असू शकते, म्हणून जोडी लावूनच ती पुन्हा करायला हवी.

पाचवी गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही: लेन्सवरचा स्वस्त फिल्टर. ९५ एमएमच्या काचेपुढे बसवलेली साधी यूव्ही फिल्टरची काच ५०० एमएमला धार मारते, ७०० ला तर फारच. फिल्टर काढा, हूड लावा.

हे सगळं करूनही जवळच्या, स्थिर, उन्हातल्या वस्तूवर मऊपणा राहिला, तरच कन्व्हर्टरवर संशय घ्या.

१३. दुपारी भिगवणला फ्लेमिंगोंचे फोटो पाण्यातून काढल्यासारखे आले. लेन्स खराब आहे?

लेन्स ठीक आहे, हवा तापली होती. तापलेली जमीन किंवा पाणी आणि वरची हवा यांच्या तापमानात फरक पडला की हवेचे थर हलतात आणि प्रकाश वाकतो. फोटोत पायांच्या काड्या नागमोडी दिसतात, चोचीची कड दुहेरी दिसते, आणि एका पाठोपाठ घेतलेल्या दहा फोटोंत दहा वेगवेगळे आकार येतात. हीच खूण. हात हलला असता तर सगळी फ्रेम एका दिशेने ओढल्यासारखी दिसली असती.

यावर कुठलीही लेन्स, कुठलाही कन्व्हर्टर, कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. कन्व्हर्टरने तर हलणारी हवाच मोठी होते. उपाय दोनच: अंतर कमी करा, किंवा वेळ बदला. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर सूर्योदयानंतरचा पहिला दीड-दोन तास सोन्यासारखा असतो. नान्नजच्या माळावर तो वेळ आणखी कमी मिळतो. ऐरोलीहून ठाणे खाडीत होडीने जाणाऱ्यांनीही भरतीची वेळ सकाळी जुळेल असाच दिवस निवडावा.

जंगलात जिप्सीचं तापलेलं बॉनेटही हेच करतं. बॉनेटवरून समोर नेम धरू नका, बाजूने धरा आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा.

१४. जिप्सीत ट्रायपॉड चालेल का? आणि स्टॅबिलायझेशन चालू ठेवायचं का?

ट्रायपॉड नको. सहा पर्यटक, गाईड आणि ड्रायव्हर एवढ्या माणसांत त्याचे पाय मावत नाहीत, आणि कोणी हललं की गाडीसोबत तोही हलतो. बीनबॅग न्या: रिकामी पिशवी घरून आणि तांदूळ किंवा राजमा मुक्कामाच्या गावातून. जिप्सीच्या दांडीवर ती पसरवून लेन्सचा बूड तिच्यात रुतवा. गाडीतल्या बाकीच्यांना आधी सांगून ठेवा, की वाघ दिसल्यावर कोणी उभं राहू नका. बसलेल्या गाडीत १/२५० ला फोटो मिळतो, हलणाऱ्या गाडीत १/१००० लाही नाही.

स्टॅबिलायझेशन बीनबॅगवरही चालू ठेवा, कारण गाडी थोडी हलतच असते. पळत्या काळविटाबरोबर कॅमेरा फिरवताना पॅनिंगचा मोड लावा. १/२००० च्या वर ते बंद केलं तरी चालतं.

१५. ताडोबाला ६०० एफ/४ नेऊ का?

एकटी नको. ताडोबात वाघ रस्त्यावर चालतो आणि बरेचदा अंतर वीस मीटरच्या आत येतं. प्रश्न १ मधलं गणित लावा: १५ मीटरवर ६०० एमएमने १.७ मीटरचा वाघ सेन्सरवर ६८ एमएमचा होतो, म्हणजे फ्रेमच्या जवळजवळ दुप्पट. दुसऱ्या बॉडीवर ७०-२०० किंवा १००-४०० लावलेली असलीच पाहिजे. विमानाने नागपूरला जाणार असाल तर देशांतर्गत प्रवासात हातातल्या बॅगेची मर्यादा साधारण ७ किलो असते, तेही मोजा.

आत कन्व्हर्टर बसवलेल्या लेन्सविषयी इथेच सांगतो, कारण हाच प्रश्न त्या सोडवतात. निकॉनच्या झेड ४०० एफ/२.८ टीसी आणि ६०० एफ/४ टीसी यांत १.४एक्स आतच आहे आणि बोटाच्या एका हालचालीने तो आत-बाहेर होतो. किंमत मोठ्या मोटारगाडीची आहे. ज्यांना परवडते त्यांना माझं सांगणं एवढंच, की पहिल्या सफारीआधी तो खटका न बघता सापडेल इतका सराव करा.

१६. सफारी चालू असताना कन्व्हर्टर लावला-काढला तर चालेल का?

उन्हाळ्यात उघड्या जिप्सीत अजिबात नाही. समोरच्या गाडीने उडवलेली धूळ थेट सेन्सरवर बसते, आणि कन्व्हर्टर असला की उघडी राहणारी तोंडंही दोन होतात. गेटवर शिरण्याआधी ठरवा, आणि ठरवता येत नसेल तर कन्व्हर्टर बॅगेत ठेवा. दुपारी खोलीवर कॅमेरा खाली धरून, हवेच्या फुग्याने माउंट साफ करून मगच बदला.

१७. लांब लेन्स असली की घरट्याचे फोटो काढायला हरकत नाही ना?

हरकत आहे. पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्याच्या घरट्यापाशी जी गर्दी होते तिच्यातल्या प्रत्येकाकडे लांब लेन्स असते. पण अडचण एका लेन्सच्या अंतराची नसते. पिल्लांसाठी बेडूक-सरडे आणणारा पक्षी माणसं दिसली की फांदीवर बसून राहतो, आत जात नाही. तो किती वेळ थांबला यावर पिल्लांचं जगणं अवलंबून असतं. घरट्यासमोरची पानं तोडून फ्रेम मोकळी करणं हे तर सापाला आणि भारद्वाजाला वाट दाखवणं आहे.

८०० एमएमने लांबून, एकट्याने, थोडा वेळ घेतलेला फोटोसुद्धा ठिकाणासकट टाकला की दुसऱ्या दिवशी तिथे दहा माणसं उभी असतात. घरटं सोडा. तोच पक्षी ओढ्यावर मासा मारताना मिळतो, आणि तो फोटो कितीतरी जिवंत असतो.

१८. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करू? आणि जुनी घेताना काय तपासू?

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात लेन्स बॅगेत बंद करून ठेवणं सगळ्यात वाईट. ड्राय कॅबिनेट घेता आली तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. नाहीतर झाकण घट्ट बसणारा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. जेलचे दाणे रंग बदलले की तापवून कोरडे करा. एसी खोलीतून थेट बाहेर लेन्स काढली तर काचेवर दव धरतं. अर्धा तास बॅग बंदच ठेवून तिला बाहेरच्या तापमानावर येऊ द्या.

जुनी लेन्स किंवा कन्व्हर्टर घेताना मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेकडून आत येताना दिसते. थोडी धूळ चालते, बुरशी घेऊ नका. माउंटचे सोनेरी संपर्क झिजलेत का, ट्रायपॉड कॉलर मूळचीच आहे का, स्टॅबिलायझेशन सुरू होताना चित्र उडी मारतं का, हे बघा. आणि सौदा तुमच्या स्वतःच्या बॉडीवर फोटो काढल्याशिवाय करू नका.

१९. जुनी डीएसएलआर लेन्स ॲडाप्टरने मिररलेसवर वापरतो. कन्व्हर्टर कुठला घेऊ?

लेन्सच्या घराण्यातला, बॉडीच्या नाही. कॅननमध्ये क्रम असा: ईएफ (डीएसएलआरच्या माउंटची) लेन्स, ईएफ कन्व्हर्टर, ॲडाप्टर, आरएफ (मिररलेस) बॉडी. आरएफ कन्व्हर्टर ॲडाप्टरच्या मागे लावता येत नाही. निकॉनमध्येही तसंच: एफ माउंटची (डीएसएलआरची) लेन्स, एफ माउंटचा टीसी म्हणजे कन्व्हर्टर, मग एफटीझेड हा ॲडाप्टर. झेडचा टीसी एफटीझेडसोबत चालत नाही.

यात एक फायदाही आहे. जी जोडी डीएसएलआरवर एफ/८ मुळे अडखळत होती ती मिररलेसवर बऱ्यापैकी चालू लागते, कारण प्रश्न १० मधली मर्यादा तिथे नसते. जुनी लेन्स विकण्याआधी हे करून बघा.

२०. केन्कोसारखे दुसऱ्या कंपनीचे कन्व्हर्टर, किंवा दोन कन्व्हर्टर एकावर एक?

केन्कोच्या काही मॉडेलची पुढची काच बाहेर आलेली नसते, म्हणून कंपनीचा कन्व्हर्टर जिथे बसत नाही तिथे ते बसतात. बसतात म्हणून लावावेत असं नाही. किट झूमच्या ३०० एफ/५.६ टोकाला १.४एक्स लावून ४२० एफ/८ मिळते, पण ती लेन्स ३०० लाच मऊ असते. काही जोड्यांत बॉडीला कन्व्हर्टर दिसतच नाही आणि फोटोच्या माहितीत जुनंच ॲपर्चर नोंदवलं जातं. एक्सपोजर बरोबर येतं, नोंद चुकते.

एकावर एक दोन लावू नका. चंद्रासाठी हौस म्हणून ठीक, प्राण्यांसाठी नाही.

२१. टेलिफोटोला कन्व्हर्टर लावून फुलपाखरं काढता येतात का? मॅक्रो लेन्स नाही.

येतात, आणि कन्व्हर्टरचा हा उपयोग फार कमी जण करतात. कन्व्हर्टर लावला तरी लेन्सचं सगळ्यात जवळचं फोकसचं अंतर बदलत नाही, म्हणून त्याच अंतरावरून चित्र १.४ पट मोठं मिळतं. निकॉन ३०० एफ/४ पीएफ १.४ मीटरवर सेन्सरवर वस्तूच्या खऱ्या आकाराच्या ०.२४ पट चित्र देते, कन्व्हर्टरने ०.३४. सोनी १००-४०० जीएम ०.३५ वरून ०.४९ वर जाते. कॅनन आरएफ १००-५०० ०.३३ वरून ०.४६ च्या आसपास.

लांबून काढता येत असल्याने चतुर आणि फुलपाखरं उडत नाहीत, आंबोलीचा बेडूकही पानावरून हलत नाही. ॲपर्चर एफ/११ ठेवा, शरीराला समांतर उभे राहा आणि फोकस हाताने लावून पुढे-मागे झुलत फोटो घ्या. मोठ्या फुलपाखरांना कन्व्हर्टर काढावा लागतो: ०.४६ पटीला फुलफ्रेमच्या चौकटीत जेमतेम पावणेआठ सेंमी रुंदीचा भाग मावतो, आणि आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत पंख पसरून बसलं तर त्याहून बरंच मोठं असतं.